घाटाखालच्या वाडीत जागा घ्यायची आहे. समुद्र नको. (देवरूख-संगमेश्वर पट्टा)

सोनटक्का | ५ जानेवारी, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी ५२, नवरा ५६, मुक्काम डोंबिवली. मुलगी नोकरीला बंगळूरला. नाताळच्या सुट्टीत नवऱ्याच्या मित्राच्या गावी, देवरूखच्या पुढे सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला, चार दिवस राहून आलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या दोघांचंही गाव कोकणात नाही. माझं माहेर खटाव तालुक्यातलं, म्हणजे पाण्याचा हंडा मोजून वापरणारं. सासर तीन पिढ्या मुंबईतच.

पहिल्या दिवशी तिथे काहीच घडलं नाही, आणि तेच आवडलं. सकाळी ओटीवर चहा घेऊन बसलं की समोर नुसतं धुकं. ते वर सरकेल तसं आधी पोफळीचे शेंडे दिसतात, मग गोठ्याची कौलं, मग पलीकडच्या वाडीतला धूर. आंघोळीच्या पाण्याला चुलीचा वास. जेवायला कुळथाची पिठी आणि भात, दोन्ही वेळा, आणि चौथ्या दिवशीही कंटाळा आला नाही. दुपारी इतकं शांत की माझ्याच कानातला आवाज मला ऐकू आला (डॉक्टर म्हणतात तो आजार आहे, ते असो). डोंबिवलीत आमच्या खिडकीसमोर गेली सहा वर्षं कुणाचा ना कुणाचा टॉवर उभा राहतोय.

परत येताना संगमेश्वर स्टेशनावर नवरा म्हणाला, "इथे एक तुकडा घेऊया." सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःहून पडदे घ्यायचा विषयसुद्धा काढलेला नाही.

समुद्र नको हे आधीच सांगते. गुहागर, गणपतीपुळे छान आहे, पण तिथे आता सूर्यास्तसुद्धा पार्किंग मिळालं तर बघायचा.

एका एजंटाने ३२ गुंठे दाखवलेत. पडकं मातीचं घर, विहीर, आंब्याची सात कलमं, काजू, एक फणस. सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत. आम्ही दोघं शेतकरी नाही, तर तो म्हणतो, "शेतकरी असल्याच्या दाखल्याचं आम्ही बघतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका." तो असं म्हणाल्यापासून मला झोप नाही.

ज्यांनी घेतलंय, विकलंय, किंवा जे तिथेच राहतात, त्यांनी मोकळेपणाने लिहा. "स्वप्न पूर्ण करा ताई" एवढंच लिहिणार असाल तर त्याचीही आज गरज आहे, तेही चालेल.

झणझणीत | ५ जानेवारी, रात्री ११:१०

डिसेंबरात कोकण म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. सगळे गोड बोलतात, घर सारवलेलं असतं. एकदा जुलैत आणि एकदा मेच्या वीस तारखेला जाऊन या. मग धागा वर काढा.

कुळीथपिठी | ५ जानेवारी, रात्री ११:३१

स्वप्न पूर्ण करा ताई. (मागितलंत म्हणून.)

साखळीकाका | ६ जानेवारी, सकाळी ६:०५

ताई, मी भूमी अभिलेखात ३४ वर्षं मोजणी केली, आता निवृत्त आहे. जरा लांबण लागेल.

पहिलं, तो दाखला. कुळकायद्याचं कलम ६३ सांगतं की शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकता येत नाही. विकता नाही, बक्षीस देता नाही, अदलाबदल नाही, पट्ट्यानेही नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी असेल तरच. कुणाच्या तरी उताऱ्यावर तुमचं नाव घुसवून तुम्हाला "शेतकरी" केलं तर पुढे कधीही, दहा वर्षांनीसुद्धा, कलम ८४क खाली चौकशी लागू शकते आणि जमीन सरकारजमा होते. तेव्हा एजंट फोन उचलत नाही. त्याला हात जोडा आणि निघा.

दुसरं, सत्तावीस नावं. ही काही मोठी संख्या नाही. मी एका उताऱ्यावर एकशे चार बघितलीत, त्यातली निम्मी वरच्या घरी गेलेली. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे माणूस आहे असं नाही, आणि माणूस आहे म्हणजे नाव आहे असंही नाही. वारस नोंदी राहिलेल्या असतात. मुली सासरी गेल्या म्हणून कुणी त्यांची नावं लावलेली नसतात, त्यांच्या मुलांना हक्क असतो. फेरफार (उताऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) एकेक करून मागे जा. सर्च रिपोर्ट ३० वर्षांचा काढतात, पण कोकणात १९५७ पर्यंत मागे गेल्याशिवाय मला झोप लागली नसती.

१९५७ का? १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो कायद्याने मालक ठरला. त्याने मालकाला द्यायची कलम ३२ग ची किंमत ठरली का, ती भरल्याचा ३२म चा दाखला झाला का, ते बघा. "इतर हक्क" या रकान्यात एखादं कुळाचं नाव कोपऱ्यात बसलेलं असतं, एजंट तिथे अंगठा ठेवून उतारा दाखवतो. जमीन ३२ग ची असेल तर परवानगीशिवाय न विकण्याची कलम ४३ ची अट असते. २०१४ साली कायदा बदलला. आता ३२म च्या दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून विकता येते. आकार रुपया-दोन रुपये असतो, म्हणून नजराणा किरकोळ. पण तो न भरता व्यवहार केला तर किरकोळ राहत नाही.

तिसरं, "खाजगी वन" असा शेरा आहे का ते पाहा. १९७५ चा कायदा आहे. घाटाच्या पायथ्याला हे फार आहे. असला तर झाडाला हात लावता येत नाही आणि घराचा विचार सोडा.

चौथं, मोजणी. गडगा (दगडी कुंपण) जिथे आहे तिथेच हद्द असते हा समज शहरातल्या माणसाचा. गडगा हाताला मिळेल त्या चिऱ्यांनी चढवलेला असतो. हिस्सा सामाईक आहे म्हणजे तुम्हाला दाखवलेले ३२ गुंठे नकाशावर कुठेही नसतील, फक्त घरातल्या लोकांच्या तोंडी वाटपात असतील. पोटहिस्सा मोजून घ्या. "क" प्रत (मोजणीचा नकाशा) हातात येईपर्यंत इसाराची रक्कम चहापाण्याइतकी ठेवा.

आणि पऱ्या. मोजणीच्या नकाशात ओढा एका रेषेने काढलेला असतो. पावसाळ्यात तो रेषेत राहत नाही.

मुक्कामपोस्ट_ठाणे | ६ जानेवारी, सकाळी ९:२२

काकांनी घाबरवलंच. पण आकडे बघा. हायवे आज ना उद्या पूर्ण होणारच, रेल्वे १९९८ पासून आहेच, रत्नागिरी विमानतळाचं काम चालू आहे. आज घेऊन दहा वर्षं विसरून जा. गुंतवणूक म्हणून यापेक्षा चांगलं काही नाही. भाव काय सांगतोय?

सोनटक्का | ६ जानेवारी, सकाळी ९:४०

भाव इथे लिहिणार नाही. मित्र म्हणाला, इथे एकाने गुंठ्याचा भाव चहाच्या टपरीवर सांगितला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या पंचक्रोशीचा तोच भाव होतो.

आणि विसरून जायला घ्यायची नाही हो. राहायला हवी आहे.

कातळसडा | ६ जानेवारी, दुपारी २:१७

मी २०११ साली घेतली, लांजा तालुक्यात, एक एकर. (वडिलांकडून शेतकरी होतो, तो प्रश्न नव्हता.) विकली २०२३ ला. मधली बारा वर्षं सांगतो.

मला हवं होतं "दृश्य". सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जागा घेतली. पावसाळ्यात कातळावर इवलीइवली फुलं, दूरवर आंबा घाटाचे डोंगर, वर आकाश आणि मी. वाडीतले लोक विचारायचे, "तिकडं कशाला घेताव?" मला वाटायचं, यांना सौंदर्यदृष्टी नाही. त्यांच्या घरांकडे मी तेव्हा नीट बघितलंच नाही. सगळी घरं खाली, उताराच्या कुशीत, मळ्याच्या वर आणि डोंगराच्या खाली, जिथे वारा लागत नाही आणि विहिरीला पाणी लागतं. चारशे वर्षं राहून लोकांनी शोधलेली जागा ती, आणि मी गुगलच्या नकाशावर वीस मिनिटांत दुसरी शोधली.

विहीर २८ फूट खणली. जांभा म्हणजे चाळण. वरून साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि खालून निघून जातो. फेब्रुवारीपर्यंत पाणी, मार्चात ओलावा, एप्रिलात बेडूक. टँकरवाल्याशी इतकी ओळख झाली की त्याच्या मुलाच्या मुंजीला जाऊन आलो. कलमं लावायला कातळात सुरुंगाने खड्डे काढले, डंपरने माती आणली, आणि दोन पावसांत अर्धी माती खालच्या माणसाच्या वाफ्यात. त्याने तक्रार केली नाही, उलट आभार मानले.

तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, शेडचे पत्रे उडाले. एक पत्रा अजून सापडलेला नाही. त्याच जुलैत चिपळूण बुडालं, रस्ते बंद, आणि मला तिकडे पोचायला महिना लागला. तोवर वाडीतल्या एका दादांनी माझ्या घरावर ताडपत्री बांधून ठेवली होती. न सांगता. पैसे दिले तर घेईनात. मग म्हणाले, "मुंबैतनं येताना आमच्या पोरासाठी एक चांगला फॉर्म आणा, कसला तरी भरायचा हाय."

का विकली? गुडघे. बाकी काही नाही. जागेवर राग नाही माझा. बारा वर्षांत मिळून मी तिथे किती रात्री झोपलो ते परवा डायरीतून मोजलं, तर १६४. मुक्कामपोस्ट यांच्या हिशेबाने मला चांगला फायदा झाला, हेही खरं. पण तो आकडा मी कुणाला सांगत नाही आणि १६४ चा सगळ्यांना सांगतो.

अवांतर: सड्यावर जेसीबी चालवण्याआधी पायाखाली बघा. रत्नागिरी-राजापूरच्या कातळशिल्पांतली काही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती बघितला नसेल तर जमीन बघायला जाताना वाट वाकडी करा.

झणझणीत | ६ जानेवारी, दुपारी २:३०

"एप्रिलात बेडूक." याच्यापुढे काही लिहिण्यासारखं नाही. टाळ्या.

बावनदी | ६ जानेवारी, रात्री ९:०३

ताई, जागेच्या मागे डोंगर किती जवळ आहे आणि त्यावर झाडं आहेत का, एवढं बघून या. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेत दरड आली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. पायथ्याचं धुकं सुंदर असतं, मान्य. मी तिथलाच आहे. आमच्याकडे जुनी माणसं घर बांधताना एक पावसाळा जागा नुसती बघायची, पाणी कुठनं येतं नि कुठं जातं ते.

ओहायोकर | ७ जानेवारी, पहाटे ३:४८

आमच्यासारख्यांसाठी एक ओळ. अनिवासी भारतीयांना शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. मी इथे बसून रोज रात्री कोकणातल्या जागांचे व्हिडिओ बघतो. बायको म्हणते, लोक या वयात दुसरे व्हिडिओ बघतात.

सत्ताविसावा | ७ जानेवारी, सकाळी ११:१५

हा आयडी याच धाग्यासाठी घेतलाय. सोनटक्का ताई, तुमच्या उताऱ्यावरचा मी नाही, काळजी नसावी. पण तसल्याच एका उताऱ्यावरचा आहे. आमच्या घराच्या जागेवर ३१ नावं आहेत आणि गेली आठ वर्षं सही न करणारा एकटा मी आहे. चुलत भाऊ माझ्याशी बोलत नाहीत.

मी लालबागला वाढलो. आजोबा गिरणीत होते. गावी वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. गणपतीत आमच्या घरात पस्तीस माणसं झोपायची, पडवीपासून माळ्यापर्यंत. सकाळी शौचाला रांग, दुपारी जेवायला रांग, रात्री भजनाला मात्र सगळे एकदम. आता घराची मागची भिंत बसलीय. गणपती एका चुलत्याच्या सिमेंटच्या घरात हलवला, ते घरही चिंचोळं आहे, त्याला काय करणार.

माझ्या हिश्श्याला येते किती? हिशेब केला तर सव्वा गुंठा. त्यात गाडीही नीट वळत नाही. भाऊ म्हणतात, सव्वा गुंठ्यासाठी आम्हा सगळ्यांना कशाला अडवतोस? बरोबर आहे त्यांचं. एकाच्या मुलीचं शिक्षण आहे, एकाचं डायलिसिस चालू आहे. आणि माझं काय आहे? मला तिथे राहायचंसुद्धा नाही. मला पाली दिसली तरी झोप लागत नाही.

पण घेणारा आला होता तेव्हा मी तिथे होतो. सज्जन माणूस. त्याने मोबाइलमध्ये चित्र काढून आणलं होतं, इथे तळं, इथे झोपाळा. घराच्या मागे जिथे आमच्या आजीचं चूलखण होतं तिथे त्याचा जनरेटर होता. एवढंच. त्याच्याविरुद्ध माझी काहीच तक्रार नाही, आणि सही काही माझ्या हातून झाली नाही.

तुम्ही वाईट आहात असं म्हणत नाहीये. घ्याच. फक्त सत्तावीस नावं असा एक आकडा लिहिलात, म्हणून लिहावंसं वाटलं.

मुक्कामपोस्ट_ठाणे | ७ जानेवारी, सकाळी ११:४०

सर, भावना समजू शकतो, पण डायलिसिसवाला भाऊ आणि चूलखण यात निवड करायची असेल तर…

सत्ताविसावा | ७ जानेवारी, सकाळी ११:५२

माहीत आहे हो. रोज करतो ती निवड. रोज चुकतो.

गावकारीण | ७ जानेवारी, दुपारी ४:२०

मेल्यांनो, भांडा नको. माझी आवस म्हणायची, इकलेली जमीन परत गावाची नाय. आणि इकली नाय म्हणान कोण नांगर धरूक येता? तां पण नाय. आमच्या वाडीत बारा घरां, पाच उघडी. त्या पाचांत माणसां अकरा. साठीच्या खालचा एकच, तो पोस्टमन.

(मालवणी वाचायला त्रास झाला तर क्षमस्व. मी सावंतवाडीची.)

ओटीवरून | ७ जानेवारी, रात्री ८:५५

मी देवरूखजवळच राहते, लग्न होऊन आले त्याला १९ वर्षं झाली. सून म्हणून आले, म्हणजे मीही बाहेरचीच. बाहेरून येणाऱ्यांकडे वाडी कसं बघते ते सांगते, कारण हे कागदावर कुठेच मिळत नाही.

आमच्याकडे तीन जणांनी जागा घेतल्या. पहिल्याने घेतल्या घेतल्या तारेचं कुंपण आणि लोखंडी गेट. त्याच्या जागेतून पाखाडी (दगडी पायवाट) जायची, देवळाकडे आणि खालच्या विहिरीकडे. सातबाऱ्यावर पाखाडी नाही. कायद्याने त्याचं बरोबर असेल, साखळीकाका सांगतील. पण शिमग्याला पालखी घरोघर नाचत येते ती त्याच वाटेने. पहिल्या वर्षी पालखी गेटाशी थांबली. खेळे थांबले, ढोल थांबले. कुलूप होतं आणि मालक मुंबईत. पालखी शेताच्या बांधावरून फिरवून नेली. कुणी काही बोललं नाही. पण त्या माणसाला पुढे कामाला गडी मिळेना, आणि तो आजपर्यंत म्हणतो की कोकणातली माणसं आळशी.

दुसऱ्याने कुंपण घातलं, पण पाखाडीच्या जागी नुसती आडवी काठी ठेवली, गुरांसाठी. काठी काढायची, जायचं, परत लावायची. त्याच्या फणसाची आम्ही राखण करतो. वांदर हाकलणं ही मोठी राखण आहे बरं, आणि केल्डी (छोटी माकडं) तर फणस लहान असतानाच फोडून टाकतात.

तिसऱ्या एक बाई आहेत, एकट्या, पुण्याच्या. डिसेंबरात वनराई बंधाऱ्याला आल्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून द्यायला. त्यांना गोणी उचलता येत नव्हती, मग त्यांनी सगळ्यांना चहा केला. बेकार चहा होता. पण तेव्हापासून त्या "आमच्या बाई".

ताई, पाणी, मोजणी, वारस सगळं बघा. पण पाखाडी कुठून जाते आणि पालखी कुठून जाते तेही विचारा. एजंट सांगणार नाही, त्याला ठाऊकच नसतं.

आणि फुरसं, विषारी साप. गडग्यातल्या चिऱ्यात हात घालायचा नाही, कधीही.

साखळीकाका | ७ जानेवारी, रात्री ९:३०

ओटीवरून यांना: पूर्वापार वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात. १९०६ चा कायदा आहे, अजून चालतो. पण पालखीसाठी तहसीलदाराकडे जावं लागलं तर सगळेच हरले.

तुमच्या पोस्टीतलं मी चौतीस वर्षांत कुठल्याही नकाशावर दाखवू शकलो नाही.

सोनटक्का | ९ जानेवारी, रात्री ११:४०

तीन दिवस काही लिहिलं नाही, सगळं वाचत होते. सत्ताविसावा, तुमची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली. तो उठून गॅलरीत गेला.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. लाजेमुळे लिहिली नव्हती. मी शेतकरी होते. बाबा २००८ ला गेले, तेव्हा खटावच्या सहा एकरांवर आई, भाऊ आणि माझं नाव लागलं. २०१० मध्ये भाऊ म्हणाला, सही कर, विहिरीवर कर्ज काढायचंय, तुझ्या नावामुळे अडतंय. मी हक्कसोड करून दिली. नोंदणी कार्यालयात पंधरा मिनिटं. वहिनीने साडी घेतली, मोरपंखी, अजून आहे. तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं. दुष्काळी जमीन, दर उन्हाळ्यात भांडण, सुटले असं वाटलं.

आता कळतंय की त्या पंधरा मिनिटांत मी फक्त जमीन सोडली नाही, जमीन घेण्याचा हक्कही सोडला. काका, भावाने बक्षीसपत्राने दोन गुंठे परत दिले तर?

साखळीकाका | १० जानेवारी, सकाळी ६:१०

नाही ताई. बक्षिसालाही तेच कलम ६३. तुम्ही आता बिगरशेतकरी. शिवाय दोन गुंठ्यांना तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई) आडवी येईल. आई हयात आहेत का? त्यांचा हिस्सा उताऱ्यावर असेल तर पुढे वारसाने…

सोनटक्का | १० जानेवारी, सकाळी ६:३२

आई आहे. ८१. उताऱ्यावरही आहे. तो विषय मी काढणार नाही, काका. रागावू नका.

साखळीकाका | १० जानेवारी, सकाळी ६:३५

रागावतो कशाला. मीच लिहायला नको होतं.

बिनशेतीचा (एनए) प्लॉट घेऊ शकता, त्याला शेतकरी असणं लागत नाही. "एनए होणार आहे", "एनए प्रस्तावित" असले शब्द ऐकू आले की जमीन बिनशेती झाल्याचा सरकारी कागद मागा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल कायद्याच्या कलम ४२ड मध्ये बिनशेतीची सोय आहे, पण एक घोळ लक्षात घ्या. देशावर गावठाण म्हणजे गाव. कोकणात गाव म्हणजे दहा वाड्या, डोंगरभर विखुरलेल्या, आणि नकाशातलं गावठाण भलतीकडे. घरं लोकांच्या स्वतःच्या सर्व्हे नंबरात असतात, नाहीतर पूर्वीच्या खोताच्या. जुनं घर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवर घेतलंत तर घर तुमचं आणि घराखालची जमीन कुणाची, हे आधी विचारा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे.

कुळीथपिठी | १० जानेवारी, सकाळी १०:००

सहीच्या साडीबद्दल: माझी जांभळी आहे. २०१४. चिपळूण तालुका, पावणेदोन एकर.

झणझणीत | १० जानेवारी, सकाळी १०:०४

माझ्या आईची अबोली. हा वेगळा धागा काढा कुणीतरी.

मुक्कामपोस्ट_ठाणे | १० जानेवारी, दुपारी १२:२५

मी काल घरी विचारलं. माझ्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्यात. मला माहीतच नव्हतं, बाबांनी परस्पर केलं होतं. साड्या घेतल्या का तेही माहीत नाही. एवढंच.

सोनटक्का | २६ मे, रात्री ९:१८

धागा वर काढतेय. झणझणीत, तुम्ही म्हणालात तसं २० मेला तिथेच होते. सव्वीस तारीख आहे आणि अजून तिथेच आहे.

३२ गुंठ्यांना नाही म्हटलं. एजंटाचा आठवडाभर रोज फोन, मग थांबला. मार्चमध्ये नवऱ्याच्या मित्राच्या आईने त्याच वाडीतल्या दुसऱ्या घराचं सुचवलं. मालक वसईला, सत्तरीचे, एकुलते, उताऱ्यावर एकच नाव (काकांनी उतारा बघून व्यनित, म्हणजे खाजगी निरोपात, सांगितलं, धन्यवाद काका). त्यांना विकायचं नाही. भाडंही नको. त्यांच्या अटी अशा: रोज संध्याकाळी देवापुढे दिवा, पावसाआधी कौलं परतून घ्यायची, गणपतीत अकरा दिवस घर रिकामं करून द्यायचं कारण त्यांची माणसं येणार, आणि परसातल्या रातांब्याची (कोकमाची) आमसुलं करून त्यांना एक किलो पाठवायची. आम्ही साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या. काकांनी तेवढ्यावर थांबू दिलं नाही, अकरा महिन्यांचा रीतसर करार करायला लावला. कलम ६३ घराच्या भाड्याला लागत नाही ना, हे त्यांना तीनदा विचारलं.

विहिरीला पाणी आहे, तळाशी, पण आहे. दोर दोन वाव जास्त लागतो. दिवसाला सहा कळश्या. खटावची सवय इतक्या वर्षांनी कामी आली.

शिमग्याला पालखी या घरी आली होती. आम्ही तेव्हा राहायला आलो नव्हतो, घर दाखवायला म्हणून बोलावलं होतं. मला ओटी भरायला सांगितली. मी म्हटलं, मी या घरची नाही. म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, दिवा कोन लावनार हाय मग?

नवरा सकाळी सातला पऱ्याकडे जातो आणि नऊला येतो. काय करतोस विचारलं तर म्हणतो, बघतो. गडी मिळाले, कौलं परवा परतून झाली. चाळीसएक फुटली होती, नवी त्याच मापाची मिळत नाहीत, गोठ्यावरची काढून घरावर चढवली आणि गोठ्यावर पत्रा.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी धागा वर काढला. अंगणात रातांब्याची सालं रसात बुडवून वाळत घातली की केल्डी येतात. जाळी टाकली, ती उचलतात. फटाके लावले, एकदा पळाली, दुसऱ्यांदा बघत बसली. वसईला एक किलो पाठवायची आहेत आणि पाऊस कधीही येईल. काय करू?

ओटीवरून | २६ मे, रात्री ९:३३

माळ्यावर वाळवा, खाली चुलीची ऊब येते तिथे. चार दिवस जास्त लागतील. उद्या दुपारी येते, तुमची वाडी कुठली ते आता मला कळलं.

सत्ताविसावा | २६ मे, रात्री १०:१०

मीठ जरा जास्त घाला. आजी घालायची. केल्डी तरीही न्यायचीच, पण कमी.